जुनं चॅपेल शूटिंगसाठी मिळतंय, घ्यावं का? (आवाज, वटवाघळं आणि इतर भानगडी)

पारिजात | १४ मे, सकाळी ८.१०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही सहा-सात जण इंग्लंडमध्ये एक मराठी लघुपट करतोय, बारा-तेरा मिनिटांचा. गाणं शिकवणाऱ्या एका बाईंच्या निधनानंतर त्यांच्या दोन विद्यार्थिनी रिकाम्या चॅपेलमध्ये भेटतात. दोघी एकमेकींशी वर्षानुवर्षं बोललेल्या नाहीत. चार पानं संवाद, सगळा तिथेच.

लोकेशन शोधून शोधून थकलो होतो आणि परवा एक सापडलं. यॉर्कशरमधल्या गावात १८६० च्या दशकातलं मेथडिस्ट (एक प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथ) चॅपेल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर. प्रार्थना कधीच बंद झाली, आता खाजगी मालकी आहे आणि शूटिंगसाठी भाड्याने देतात. फोटो बघून मी आणि दिग्दर्शक दोघंही गार. तीन बाजूंनी गॅलरी, खाली ओतीव लोखंडाचे बारीक खांब, समोर मधोमध उंच पल्पिट (प्रवचन द्यायचा कट्टा), त्याच्यामागे पाइप ऑर्गन, भिंतींवरचा निळा रंग पापुद्रे सुटून लोंबतोय. सेट लावायची गरजच नाही!

शनिवारी रेकीला, म्हणजे शूटिंगआधी जागा बघायला जातोय. काय काय बघून घेऊ? शूटिंग जूनच्या शेवटच्या आठवड्यात, दोन दिवस.

तिरकस | १४ मे, सकाळी ८.५२

आधी भूत आहे का विचारा. असेल तर त्याचे पैसे वेगळे लावतात.

उजेडवाला | १४ मे, सकाळी ९.३०

छान जागा दिसतेय. होकायंत्र घेऊन जा. अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडवाल्या) चर्चचं वेदीचं टोक बहुतेक वेळा पूर्वेला असतं, त्यामुळे सकाळी ऊन कुठून येणार हे नकाशा न बघताही सांगता येतं. मेथडिस्ट, बॅप्टिस्ट वगैरे मंडळींनी दिशेची पर्वा केली नाही. रस्त्याकडे जागा मिळाली तसं तोंड करून बांधलं. म्हणून प्रत्यक्ष बघायचं. सूर्य तासाला १५ अंश सरकतो. सकाळी दहाला बाकांवर पडलेला तो देखणा पट्टा अकराला भिंतीवर चढलेला असतो आणि तुमचा दुसरा क्लोजअप अजून बाकी असतो.

काचा साध्या आहेत की रंगीत? रंगीत काच आतून कितीही दिवे लावले तरी मेलेलीच दिसते, ती बाहेरून उजळावी लागते. पहिल्या मजल्याच्या उंचीवरच्या खिडकीत बाहेरून दिवा मारायचा म्हणजे टॉवर किंवा क्रेन. ती उभी राहणार कुठे, तर चॅपेलच्या आवारात. तिथे थडगी आहेत का बघून या.

आणि मीटरची पेटी उघडून फोटो काढा. तिकडच्या साध्या सॉकेटमधून १३ अँपियर मिळतात, २३० व्होल्टला जेमतेम ३ किलोवॅट. अशी दहा सॉकेट दिसली म्हणजे ३० किलोवॅट मिळाले असं नसतं, जुन्या इमारतीत ती सगळी एकाच वायरवर लोंबत असतात. एलईडीवर भागवणार असाल तर ठीक. मोठा एचएमआय (उन्हासारखा उजेड देणारा, भरपूर वीज खाणारा दिवा) म्हटलं की जनरेटर, आणि जनरेटर म्हटलं की आवाजवाले माझ्या अंगावर येणार.

कानसेन | १४ मे, सकाळी १०.०५

आलोच अंगावर.

पारिजात, तुमच्या पोस्टमध्ये रंगाचे पापुद्रे आहेत, खांब आहेत, पल्पिट आहे. चार पानं संवाद आहे असंही तुम्हीच लिहिलंय, आणि आवाजाबद्दल एक शब्द नाही. सिंक साउंड (शूटिंगच्या वेळीच आवाज रेकॉर्ड करणं) करणार की डबिंग?

शनिवारी एक करा. मधोमध उभ्या राहा, सगळ्यांना गप्प करा, जोरात एक टाळी वाजवा आणि ती पूर्ण विरेपर्यंत स्टॉपवॉच लावा. मग लांबी, रुंदी, उंची पावलांनी का होईना मोजून आणा. बाकी मग बोलू.

पारिजात | १४ मे, सकाळी १०.२०

सिंक साउंडच करायचाय. दोघी अभिनेत्री कुजबुजत बोलतात असं सीनमध्ये आहे...

कानसेन | १४ मे, सकाळी १०.२२

कुजबुजत. बरं.

चुनागच्ची | १४ मे, दुपारी १.४०

जुन्या इमारतींच्या डागडुजीत पोट भरतो म्हणून चार गोष्टी लिहितो.

'माजी चॅपेल' ऐकलं की लोकांना वाटतं, देव गेला, नियम गेले, आता रान मोकळं. प्रकार उलटा आहे. इंग्लंडमध्ये चर्च ऑफ इंग्लंड, कॅथलिक, मेथडिस्ट, बॅप्टिस्ट अशा ठरावीक पंथांच्या चालू प्रार्थनास्थळांना लिस्टेड (जतनासाठी सरकारी यादीत असलेल्या) इमारतींच्या सरकारी परवानगीतून सूट असते, कारण त्यांची स्वतःची तपासणीची यंत्रणा आहे. प्रार्थना कायमची थांबली की ती सूट संपते आणि इमारत थेट स्थानिक कौन्सिलच्या अखत्यारीत येते. लिस्टिंग ग्रेड २, म्हणजे सगळ्यात खालच्या श्रेणीचं, असलं तरी ते आतूनबाहेरून सगळ्याला लागू. १९९० च्या कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय इमारतीचं स्वरूप बदललं तर तो फौजदारी गुन्हा आहे, आणि 'मालक हो म्हणाले होते' हा बचाव काम करणाऱ्याला चालत नाही. तुम्ही काही पाडणार नाही हे कळतं. पण दिग्दर्शक ऐनवेळी म्हणतोच, 'ही दोन बाकं काढली तर कॅमेऱ्याची ट्रॉली बसेल.' बाकं जमिनीला स्क्रूने जखडलेली असतात. हात लावायचा नाही.

ट्रॉली लावणार असाल तर खालची जमीन बघा. व्हिक्टोरियन नक्षीच्या टाइल्स असतील तर आधी जाड फेल्ट, वर प्लायवूड, मग रूळ. गॅलरीवर किती माणसं चालतील हे मालकाकडून लेखी घ्या. क्रेनबद्दल उजेडवाले म्हणाले ते खरंच, मी फक्त एवढं जोडतो की थडगी नेहमी दगडावरून ओळखू येत नाहीत. गवताखालीही असतात.

आता गंमत. मेथडिस्ट चॅपेल विकताना करारात पूर्वी बऱ्याचदा अट घालत, की या जागेत दारूविक्री आणि जुगार चालणार नाही. मालक बदलले तरी काही ठिकाणी अट जागेला चिकटलेली असते. तुमच्या सीनला अडचण नाही, पण शेवटच्या दिवशीची पार्टी तिथे करायची असेल तर आधी विचारा.

तिरकस | १४ मे, दुपारी १.५५

म्हणजे भुतासकट सगळे निर्व्यसनी. लोकेशन रद्द करा.

निमूट_वाचक | १४ मे, संध्याकाळी ६.१५

मला हे जरा खटकतं. लोकांनी जिथे पिढ्यान्‌पिढ्या प्रार्थना केली, बारशी, लग्नं, अंत्यविधी केले, तिथे दिवे लावून अॅक्शन ओरडायचं. 'पवित्रता काढून घेण्याचा' काही विधी असतो ना? तो झालाय का, ते तरी विचारा.

चुनागच्ची | १४ मे, संध्याकाळी ७.३०

निमूट, प्रश्न रास्त आहे. अँग्लिकन चर्च बंद करायची रीतसर कायदेशीर प्रक्रिया असते, आणि बंद झालेली सगळीच चर्चं त्या अर्थाने मोकळी होत नाहीत. अशी साडेतीनशेहून जास्त चर्चं एक ट्रस्ट १९६९ पासून सांभाळतोय, आणि त्यातल्या कित्येकांत नित्याची उपासना थांबली तरी पावित्र्य कायम मानलं जातं. मेथडिस्टांचं वेगळं. त्यांच्या लेखी चॅपेल म्हणजे प्रवचन ऐकायला जमायची जागा. वास्तूला त्या अर्थाने पवित्र केलेलंच नसतं, मग काढून काय घेणार? म्हणून तर पल्पिट मधोमध आणि गॅलरी तीन बाजूंना. प्रत्येकाला वक्ता दिसला पाहिजे आणि ऐकू आला पाहिजे.

पण गावाची आठवण विधीने संपत नाही, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. भिंतीवर पहिल्या महायुद्धात गेलेल्या गावच्या मुलांची पाटी असेल. ती न विचारता झाकू नये, आणि फ्रेममध्ये वाचता येईल अशी दाखवूही नये.

मैत्रेयी | १४ मे, रात्री ९.५०

अवांतर: लंडनमधलं फिट्झरोव्हिया चॅपेल कुणी पाहिलंय का? मूळचं मिडलसेक्स हॉस्पिटलचं चॅपेल, जॉन लॉफबरो पियर्सनने १८९० च्या दशकात उभारलेलं. छत सगळं सोनेरी मोझेइक. हॉस्पिटल २००५ मध्ये बंद झालं, मग आजूबाजूचं पाडलं, आणि हे मधोमध एकटं उभं राहिलं. आता तिथे प्रदर्शनं, फॅशनवाले, शूटिंगवाले असतात. किपलिंग जानेवारी १९३६ मध्ये त्याच हॉस्पिटलात वारला आणि त्याचं शव या चॅपेलमध्ये ठेवलं होतं. जन्म मुंबईचा, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारातला!

पेकहॅमचं असायलम चॅपेल अगदी उलट. महायुद्धात बॉम्बने भाजलेलं, भिंती तशाच सोललेल्या ठेवल्यात. लग्नाचे फोटो काढणाऱ्यांची तिथे रांग असते. पारिजात, तुमचे पापुद्रे त्या घराण्यातले दिसतायत.

पारिजात | १७ मे, रात्री १०.३०

रेकी झाली. सविस्तर लिहिते.

जागा फोटोपेक्षा सुंदर आहे. दार उघडलं की ओल्या लाकडाचा आणि जुन्या पुस्तकांचा वास येतो. खिडक्या साध्या काचेच्या, वरच्या अर्धगोलात तेवढी पिवळी-लाल किनार. लांब बाजू नैऋत्येला, म्हणजे दुपारनंतर ऊन. वीज: एकच जुनं कनेक्शन, मोठा दिवा विसरा. आवारात थडगी आहेतच. मालकांनी ५० लाख पौंडांचा सार्वजनिक दायित्व विमा मागितलाय, तो इथे नेहमीचाच. मेणबत्त्या नाहीत, धूर नाही, ऑर्गनला हात नाही.

कानसेन, टाळी वाजवली. एका मैत्रिणीच्या फोनमधल्या अॅपने साधारण ४ सेकंद दाखवले. माप १५ मीटर बाय १० मीटर, उंची ८. आम्ही दोघी पल्पिटपाशी उभ्या राहून संवाद वाचून बघितला. सहा बाकं मागे दिग्दर्शक बसला होता. म्हणाला, सूर ऐकू येतोय, शब्द नाही.

आणखी एक. गॅलरीच्या एका कोपऱ्यात बाकांवर आणि प्रार्थनेच्या पुस्तकांवर काळे बारीक दाणे पडले होते. मालक म्हणाले उंदीर असतील. कागदात धरून चिमटले तर भुगा झाला.

चुनागच्ची | १७ मे, रात्री १०.४१

उंदराची लेंडी वाळली की कडक होते. भुगा होतो तो वटवाघळांचा, सगळा किड्यांच्या पंखांचा चुरा. थांबा, जून म्हणालात ना?

ब्रिटनमध्ये सगळ्या जातींच्या वटवाघळांना कायद्याचं संरक्षण आहे, आणि त्यांच्या वस्तीच्या जागेलाही. ती तिथे नसतील तेव्हासुद्धा. मे ते सप्टेंबर माद्या एकत्र राहून पिल्लं वाढवतात, जूनच्या सुमारास पिल्लं होतात. छताकडे दिवे मारले आणि त्यांची ये-जा बिघडली तर ते प्रकरण भाड्याच्या अनामतीवर भागणार नाही. मालकांना म्हणावं, बॅट कन्झर्व्हेशन ट्रस्टच्या हेल्पलाइनला फोन करा आणि जाणकाराकडून बघून घ्या. तोवर तारीख पक्की करू नका.

तिरकस | १७ मे, रात्री १०.५०

भूत नाही, बाळंतिणी निघाल्या.

कानसेन | १८ मे, सकाळी ७.१५

आता माझं ऐका. थोडं गणित आहे, पण तुमच्या दोन दिवसांचं भाडं वाचवणारं.

हॉलमधला घुमार किती वेळ टिकतो याचं सूत्र वॉलेस सॅबिन नावाच्या हार्वर्डच्या तरुण प्राध्यापकाने १८९५ पासूनच्या प्रयोगांतून काढलं. तिथल्या एका नव्या सभागृहात बोललेला शब्द साडेपाच सेकंद घुमायचा, व्याख्यान कळायचं नाही. या गड्याने शेजारच्या थिएटरातल्या खुर्च्यांच्या उशा रात्री उचलून आणायच्या, मोजायचं आणि सकाळच्या आत परत नेऊन ठेवायच्या, असं करत करत सूत्र बसवलं. सेकंद = ०.१६१ गुणिले घनफळ, भागिले शोषण (खोलीतल्या वस्तू, माणसं किती आवाज गिळतात ते).

तुमचं घनफळ १२०० घनमीटर. ४ सेकंद म्हणजे एकूण शोषण ४८ चौरस मीटर. एवढ्या मोठ्या खोलीत फक्त ४८ चौरस मीटरची उघडी खिडकी आहे असं समजा, बाकी सगळं आवाज परत फेकतंय. आता ४० चौरस मीटर जाड पडदे चुण्या घालून लावा, निम्मा आवाज गिळतील असं धरू, म्हणजे अधिक २०. डझनभर माणसं बसवा, माणशी अर्धा, अधिक ६. झाले ७४. घुमार २.६ सेकंदांवर आला. टेम्पोभर पडदे टांगून एवढंच.

यापेक्षा महत्त्वाचा दुसरा आकडा. बोलणाऱ्यापासून किती अंतरापर्यंत थेट आवाज घुमारापेक्षा मोठा असतो? ०.०५७ गुणिले (घनफळ भागिले सेकंद) याचं वर्गमूळ. तुमच्याकडे आत्ता येतं ९९ सेंटिमीटर. पडद्यांनंतर १.२२ मीटर. म्हणजे सगळा खटाटोप करून बूमवाल्याला (लांब काठीवर माइक धरणाऱ्याला) मिळाली एक वीत. दिशा धरणारा माइक असेल तर अजून थोडी. वाइड शॉटमध्ये बूम तीन मीटरवर असतो, तिथे घुमाराशिवाय काही मिळत नाही.

त्यामुळे वाइडमध्ये संवाद ठेवू नका. दोघींना गॅलरीच्या खाली आणा. तिथलं लाकडी छत डोक्यापासून हातभर वर असेल, घुमार बराच कमी लागेल. कॅमेऱ्यात न येणाऱ्या दोन बाजूंना पडदे उभे करा, लेपल (कपड्यात लपवायचा छोटा माइक) लावा, बूम अगदी फ्रेमच्या काठाला आणा. आणि कुजबुज तिथेच ठेवा.

जाताना फुगे न्या. संवाद होतात त्या जागी एक फुगा फोडून रेकॉर्ड करा, एक पल्पिटपाशी, एक गॅलरीत. पुढे एखादी ओळ डब करावी लागली तर या फुग्यांवरून तोच घुमार तिला चढवता येतो.

मैत्रेयी | १८ मे, सकाळी ९.००

एक वीत!! हा प्रतिसाद प्रिंट काढून आमच्या दिग्दर्शकाच्या घरी चिकटवणार आहे. (पडदे चुण्या घालून का? सपाट लावले तर?)

कानसेन | १८ मे, सकाळी ९.२०

सपाट लावला तर कमी गिळतो. चुण्यांनी कापड जास्त मावतं आणि भिंतीपासून थोडं सुटं राहतं. भिंतीला घट्ट चिकटवलेल्या पातळ पडद्याचा फायदा जवळजवळ शून्य. आणि चिकटवायचं नाहीच आहे.

पारिजात | २ जून, रात्री ८.४५

अपडेट. जाणकार येऊन गेले. वस्ती आहे, पिल्लांचीच. ऑक्टोबरचा पहिला आठवडा चालेल म्हणाले, पण गॅलरीचा तो कोपरा तेव्हाही बंद, वर उजेड मारायचा नाही, अंधार पडायच्या आत आवरायचं. तेव्हा दिवस साडेअकरा तासांचा असतो.

आणि आम्ही सीन परत लिहिला. दोघी आता पल्पिटपाशी उभ्या राहत नाहीत. एक गॅलरीखाली शेवटच्या बाकावर बसलेली असते, दुसरी लांबून चालत येते आणि तो सगळा वाइड शॉट बिनबोलाचा. खरं सांगू? पहिल्यापेक्षा बरा झालाय.

उजेडवाला | २ जून, रात्री ९.३०

ऑक्टोबर, म्हणजे थंडी. हीटर कुठला आणणार? गॅसचा भोंगा आणू नका. एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपात आत सोडतो. गार भिंतींवर, काचांवर आणि तुमच्या लेन्सवर ते बसणार. शिवाय थंड पडलेल्या ऑर्गनचं लाकूड एकदम तापलं तर तडकतं. माणसांना गरम ठेवा, खोलीला नको. जाड कोट, गरम पाण्याच्या पिशव्या. कॅमेरा रात्रभर आतच ठेवता आला तर उत्तम.

जुनेजाणते | ३ जून, सकाळी ६.३०

ऑर्गनवरून आठवलं. आपल्या संगीत नाटकात जो ऑर्गन वाजायचा तो पायपेटीचा, पाइपांऐवजी धातूच्या पातळ पत्त्यांवर (रीडवर) वाजणारा. तिकडच्या लहान चॅपेलमध्येही पाइप ऑर्गन परवडत नसे तेव्हा तसलाच असायचा. एखादा धूळ खात पडलेला असेल तर बघा. तुमच्या गाण्याच्या बाईंना शोभेल.

पारिजात | ९ ऑक्टोबर, रात्री ११.२०

झालं शूटिंग! धागा वर काढतेय, कारण इथे लिहिलेलं जवळजवळ सगळं कामाला आलं.

जुनेजाणते काका, पायपेटी होती! मागच्या खोलीत, चादरीखाली. भाता फाटलेला, पण दिसायला फक्कड. मालकांनी उचलून आणायला परवानगी दिली.

पहिल्या दिवशी सकाळी शेजारच्या एक आजी दारात येऊन उभ्या राहिल्या. लग्न याच चॅपेलमध्ये झालेलं. त्यांना खुर्ची दिली, हेडफोन दिला. थोड्या वेळाने त्या साउंड करणाऱ्या मुलाला म्हणाल्या, डावीकडचं तिसरं बाक करकरतं, त्याच्यावर कुणाला बसवू नका. आम्ही हसलो. दुपारी एका एक्स्ट्राला नेमकं तिथेच बसवलं आणि दिवसातला सगळ्यात चांगला टेक गेला.

गॅलरीखालची युक्ती भारी लागू पडली. कुजबुज स्वच्छ आलीये. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला ऊन आलं ते बरोबर पायपेटीवर. वीसेक मिनिटं टिकलं आणि आम्ही तयार होतो.

नुकसानही झालं, तेही लिहिते. एका मुलाने वायर दाबायला बाकाच्या बाजूला साधी गॅफर टेप लावली. काढताना तळहाताएवढं व्हार्निश घेऊन आली, खालचं लाकूड पांढरं उघडं. मालकांना लगेच दाखवलं. अनामतीतून पैसे कापले गेले, बरोबरच आहे. कमी चिकट टेप आणली होती. ती व्हॅनमध्ये राहिली.

चुनागच्ची | १० ऑक्टोबर, सकाळी ७.५०

दाखवलंत ते बरं केलंत. आपल्या हाताने पॉलिश लावून झाकलं असतंत तर निस्तरणं दुप्पट झालं असतं.

निमूट_वाचक | १० ऑक्टोबर, सकाळी ८.२०

आजींना फिल्म दाखवणार ना?

पारिजात | १० ऑक्टोबर, सकाळी ९.०५

हो तर. मालक म्हणालेत तिथेच पडदा लावू, दिवसाउजेडी. खिडक्या कशा झाकायच्या ते अजून ठरलेलं नाही.

कानसेन | १० ऑक्टोबर, सकाळी ९.१०

फुगे फोडले का?

पारिजात | १० ऑक्टोबर, सकाळी ९.१४

तीन. पल्पिटचा आणि गॅलरीखालचा छान आलाय. वटवाघळांमुळे वर गेलो नाही, म्हणून तिसरा मधल्या वाटेत फोडला. त्यात फुग्यानंतर लगेच ते बाक करकरतं. मुलगा दचकून उठला होता.

कानसेन | १० ऑक्टोबर, सकाळी ९.१६

पाठवा तोही. आणि ते बाक वेगळं रेकॉर्ड केलंय का?